एल्बेच्या काठी गळ टाकताना : बार्श मासा, कृत्रिम आमिष आणि जर्मन कायदा

एल्बे नदीच्या दोन्ही तीरांवरील विस्तीर्ण कुरणे ही ड्रेस्डेनची ओळख आहे. लोशवित्सच्या ‘ब्लाउएस वुंडर’ पुलापासून पीशेनच्या जुन्या बंदरापर्यंत चालत गेले, तर पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास हातात रॉड घेऊन पाण्याकडे टक लावून उभी असलेली माणसे हमखास दिसतात. चिप उद्योग, तांत्रिक विद्यापीठ आणि संशोधन संस्था यांमुळे या शहरात स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी काहींना हे दृश्य परके वाटत नाही. गरी टाकून मासा धरण्याला कोकण किनाऱ्यावर ‘गरवणे’ म्हणतात, आणि खाडीच्या काठी गरवण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना वाहते पाणी पाहून हात शिवशिवणे स्वाभाविक आहे.

अडचण पुढे सुरू होते. या छंदाची माहिती आज बहुतेकांना अमेरिकी चित्रफितींतून मिळते. त्या चित्रफितींचा नायक ‘लार्जमाउथ बास’ हा मासा एल्बेत नाही आणि त्यांत दिसणारी ‘पकडा, छायाचित्र काढा, सोडा’ ही रीत जर्मनीत कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. तंत्र अमेरिकेचे, मासा एल्बेचा आणि नियम सॅक्सनीचे, अशा तिहेरी पायावर येथील मासेमारी उभी आहे. या तिन्हींची नीट ओळख करून घेतल्याखेरीज साहित्याच्या दुकानात पाऊल ठेवण्यात अर्थ नाही.

बास नव्हे, बार्श

इंग्रजीतील ‘बास’ आणि जर्मनमधील ‘बार्श’ हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. मासे मात्र वेगवेगळ्या कुळांतील आहेत. एल्बेतील बार्श हिरवट अंगाचा असतो. त्याच्या अंगावर काळसर उभे पट्टे, पोटाकडे लालसर पर आणि पाठीवर काटेरी पर असतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा बार्श नेहमी भेटतो. चाळीस सेंटिमीटरच्या पुढचा मिळाला, तर तो दिवस लक्षात राहतो. तो थव्याने शिकार करतो. त्यामुळे एक मासा लागला की त्याच जागी पुन्हा आमिष टाकणे हिताचे असते.

त्याच्या जोडीला याच पाण्यात आणखी शिकारी मासे आहेत : मंद उजेडात तळाशी फिरणारा त्सांडर, दबा धरून बसणारा तीक्ष्ण दातांचा हेश्त, पृष्ठभागाजवळ वेगाने झेपावणारा राप्फन आणि माणसाच्या उंचीहून लांब वाढू शकणारा वेल्स. बार्शसाठी टाकलेले आमिष यांपैकी कोणीही धरू शकतो, हे साहित्य निवडताना ध्यानात ठेवावे लागते.

पाणी वाचण्याची कला

तलावातील बास पाणवनस्पतींच्या आणि बुडालेल्या लाकडांच्या आश्रयाला असतो. नदीतील बार्श प्रवाहाचा हिशेब करून राहतो. वेगवान पाण्यात उभे राहण्यात शक्ती खर्च होते. म्हणून तो शांत पाण्यात थांबतो आणि प्रवाहासोबत वाहत येणारी छोटी मासळी टिपतो. पुलाच्या खांबामागची संथ जागा, दगडी बांधांची टोके, बंदराचे तोंड आणि वाइसरित्ससारखी उपनदी एल्बेला मिळते तो संगम, ही सारी ठिकाणे या हिशेबात बसतात. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासते, ती रेषा डोळ्यांनी शोधणे हे पहिले कौशल्य होय.

एल्बेची पातळी फार बदलते. ऑगस्ट २००२ च्या महापुरात ड्रेस्डेनच्या मापकावर ९.४० मीटरची नोंद झाली होती. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत हेच पाणी एक मीटरच्याही खाली उतरते. पाणी ओसरले की तळातील खडक, खड्डे आणि उतार उघडे पडतात. त्या वेळी केलेली पाहणी शरद ऋतूत उपयोगी पडते. थंडीत मासे खोल, संथ जागी गोळा होतात आणि त्यांच्या हालचाली मंदावतात. तेव्हा आमिषही तितक्याच सावकाश फिरवावे लागते.

साहित्य : कमी, पण योग्य

बार्शसाठी २.१० ते २.४० मीटर लांबीचा, ५ ते २० ग्रॅम वजन फेकू शकणारा हलका रॉड आणि २५०० आकाराचे स्थिर चकतीचे रीळ पुरेसे असते. विणीची दोरी ०.०८ ते ०.१० मिलिमीटर जाडीची घ्यावी. ती ताणली जात नसल्याने तळाचा प्रत्येक खडा बोटांना जाणवतो. तिच्या टोकाला सुमारे एक मीटर पारदर्शक फ्लुओरोकार्बन दोरी जोडतात. त्सांडर हेच लक्ष्य असेल, तर २.४० ते २.७० मीटरचा थोडा दमदार रॉड अधिक बरा.

येथे एक गोष्ट टाळता येत नाही. हेश्तचे दात साधी दोरी सहज कापतात आणि तोंडात गळ अडकलेला मासा निसटून जातो. ज्या पाण्यात हेश्त आहे, तेथे आमिषापुढे पोलादी किंवा टायटॅनियमची पातळ तार लावतात. त्यामुळे बार्श थोडे कमी लागतील, पण जखमी मासा मागे राहणार नाही.

आमिषे आणि पद्धती

नवशिक्यासाठी सर्वांत सोपे आमिष म्हणजे फिरत्या पात्याचा स्पिनर. तो टाकावा, बुडू द्यावा आणि पाते फिरत असल्याची थरथर हाताला जाणवेल इतक्या वेगाने ओढावा. उन्हाळ्यात विखुरलेले मासे शोधण्यास तो उत्तम. त्यानंतर वॉब्लर, म्हणजे माशाच्या आकाराचे कठीण आमिष, आणि शेवटी रबरी मासा. पाच ते आठ सेंटिमीटरचे रबरी मासे बार्शसाठी आणि दहा-बारा सेंटिमीटरचे त्सांडरसाठी, हा साधा ठोकताळा. स्वच्छ पाण्यात नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात भडक पिवळा-हिरवा. एवढे रंगशास्त्र सुरुवातीला पुरते.

रबरी मासा चालवण्याची जर्मन पद्धत ‘फाउलेन्त्सन’, म्हणजे शब्दशः ‘आळस करणे’, या नावाने ओळखली जाते. आमिष तळाला टेकले की रिळाला दोन-तीन झटपट वेढे द्यायचे आणि थांबायचे. मासा वर उडी घेतो आणि ताणलेल्या दोरीवर पुन्हा खाली येतो. शिकारी मासा बहुधा या खाली येण्याच्या क्षणीच आमिष धरतो. दोरीवर ‘टक्’ असा आघात जाणवला, की लगेच रॉड उचलायचा. आमिष तळाला पोचण्यास एक ते दोन सेकंद लागावेत इतके वजन निवडतात. संथ बंदरात ५ ते ७ ग्रॅम पुरतात. भर प्रवाहात १५ किंवा २० ग्रॅमही लागतात.

बास मासेमारीतून आलेल्या दोन जुळण्या येथे चांगल्या चालतात. ‘टेक्सास रिग’मध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन दोरीवर मोकळे सरकते आणि वाकड्या गळाचे टोक रबरी आमिषातच दडलेले असते. त्यामुळे तो गवतात किंवा दगडांत सहसा अडकत नाही. ‘ड्रॉप शॉट’मध्ये वजन दोरीच्या शेवटी आणि गळ त्याच्या ३० ते ५० सेंटिमीटर वर असतो. आमिष जागच्या जागी थरथरत राहते. हिवाळ्यातल्या मंद बार्शपुढे ही जुळणी विशेष उपयोगी ठरते.

परवान्यावाचून गळ नाही

जर्मनीत नदी सर्वांची असली, तरी मासा सर्वांचा नाही. सॅक्सनीत दोन कागद लागतात. पहिला ‘फिशेरायशाइन’, म्हणजे मासेमारीचा परवाना. त्यासाठी सुमारे ३० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे. मत्स्यशास्त्र, जलपर्यावरण, साहित्य आणि कायदा हे विषय त्यात येतात. परीक्षेतील जर्मन शब्द कार्यालयातील जर्मनमध्ये सहसा येत नाहीत. त्यांची वेगळी तयारी करावी लागते. दुसरा कागद त्या विशिष्ट पाण्याचे अनुमतिपत्र. ड्रेस्डेन परिसरात ‘आंगलरफरबांड एल्बफ्लोरेन्झ’ या संघटनेमार्फत ते मिळू शकते.

हे कागद नसताना गळ टाकणे म्हणजे केवळ दंडाची पावती नव्हे. जर्मन दंडसंहितेच्या कलम २९३ नुसार हा मासेचोरीचा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा आर्थिक दंड होऊ शकतो. निवास परवान्यावर राहणाऱ्या व्यक्तीने हा धोका हलक्यात घेऊ नये. ‘जरा धरून बघ’ म्हणत परवाना नसलेल्या मित्राच्या हाती रॉड देणेही अडचणीचे ठरू शकते. शिवाय प्रत्येक माशासाठी किमान लांबी आणि विणीच्या काळातील बंदी ठरलेली असते. हेश्त आणि त्सांडर यांना हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत संरक्षण असते. बंदरांसाठी अनेकदा वेगळे निर्बंध असतात. अनुमतिपत्रासोबतची नियमावली दरवर्षी नव्याने वाचणे हाच खात्रीचा मार्ग.

माशाला मारण्याचे कारण

सर्वांत मोठा फरक मात्र दृष्टीचा आहे. जर्मन प्राणिसंरक्षण कायदा कोणत्याही प्राण्याला रास्त कारणाविना वेदना देण्यास मनाई करतो. मासा खाणे हे रास्त कारण मानले जाते. निव्वळ गंमत किंवा छायाचित्र हे कारण पुरेसे नाही, आणि सगळे मासे सोडून देण्याच्या पूर्वनिश्चयाने मासेमारीस जाणे कायद्याला धरून नाही, असेच येथे सामान्यतः मानले जाते. लहान किंवा बंदीच्या काळातला मासा लागला, तर तो ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच गळ काढून, सोडणे बंधनकारक आहे. ठेवायचा मासा प्रथम डोक्यावर आघात करून बेशुद्ध करायचा आणि लगेच मारायचा. म्हणून जाळी, मोजपट्टी, गळ काढण्याची चिमटी, दांडका आणि सुरी हे साहित्य आमिषांइतकेच आवश्यक ठरते.

अमेरिकी चित्रफितींवर वाढलेल्या छंदिष्टाला हा नियम विचित्र वाटतो. कोकणातील माणसाला तो वाटू नये. तेथे गरवायला जाणारा घरातल्या कालवणासाठी जातो. हवे तेवढे मिळाले की गरी गुंडाळतो. जर्मन कायद्याची अपेक्षाही याहून फार वेगळी नाही. बार्शचे मांस पांढरे, घट्ट आणि गोडसर असते. त्याची खवले मात्र चिवट असल्याने कातडीसह काप काढून टाकणे सोयीचे. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकले, की सुरमईची आठवण काही काळ तरी मागे पडते.

शरद ऋतू हा एल्बेवर बार्शचा उत्तम काळ मानला जातो. अभ्यासक्रम, परीक्षा आणि कागदपत्रे यांना लागणारा वेळ पाहता, येत्या सप्टेंबरात काठावर उभे राहायचे असेल, तर तयारी वसंतातच सुरू करावी. रॉड नंतरही घेता येतो.