चट्टा म्हणजे 'कॅल्शियम कमी'च असं नाही!

गालावर फिकट चट्टा दिसला की घरातलं निदान ठरलेलं असतं. 'कॅल्शियम कमी झालंय, दूध पी!' हातापायांना मुंग्या आल्या की रूममेट सांगतो, 'बी-१२ कमी असेल, गोळ्या घे.' बरेचदा प्रकरण किरकोळच निघतं. पण त्या चट्ट्यावरून कापूस फिरवला आणि काही जाणवलंच नाही, तर? तर मग दुधावर भागवू नका. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं.

'कुष्ठरोग? तो तर कधीच संपला ना!' असं तुम्ही म्हणाल. २००५ च्या अखेरीस देशातलं प्रमाण दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आलं आणि निर्मूलन जाहीर झालं, हे खरं. पण त्याचा अर्थ रुग्ण शून्य झाले असा नव्हता. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतात सापडतात. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, पालघर हे जिल्हे त्यात पुढे आहेत.

मग व्हिटॅमिनचा आणि या रोगाचा संबंध काय? एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुष्ठरोग होतो तो जिवाणूमुळे, व्हिटॅमिन कमी पडल्यामुळे नाही. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी तो जिवाणू १८७३ मध्येच शोधला. मात्र तो शरीरात शिरला तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला थोपवून धरते आणि त्या कामात 'ड' जीवनसत्त्व, झिंक यांचा हातभार असतो. कुष्ठरुग्णांच्या रक्तात झिंक, 'अ', 'ड', 'ई' यांचं प्रमाण कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. बांगलादेशातल्या एका अभ्यासात, नुकतीच अन्नटंचाई सोसलेल्या घरांत हा रोग जास्त आढळला.

औषध सुरू झालं की आणखी एक अडचण येते. उपचारातली डॅप्सोन ही गोळी काहींच्या तांबड्या पेशी फोडते आणि हिमोग्लोबिन उतरतं. विदर्भातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आणि अ‍ॅनिमिया आधीच आहेत, तिथे ही घट जास्तच जाणवते. नसांना सूज आली तर महिनोन्‌महिने स्टेरॉइड द्यावं लागतं आणि त्यानं हाडं ठिसूळ होतात. अशक्तपणा आला की रुग्णाला वाटतं, 'औषध सोसत नाही.' तो गोळ्या मधेच सोडतो. इथेच खरा घात होतो, कारण एकदा वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. म्हणून गोळी सोडायची नाही; रक्त तपासून घ्यायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं.

गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ताटातल्या जेवणाचं काय? बधिर हाताला तवा कळत नाही, चटका बसतो, जखम चिघळते, मजुरी बुडते. मजुरी बुडाली की ताटातून आधी अंडं जातं, मग दूध, मग पालेभाजी. उरतो तो नुसता भात. म्हणजे कमतरता फक्त रक्तात नसते, ती खिशातून आणि शेजाऱ्यांच्या वागण्यातूनही येते. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा सुरुवातीला तिथल्या माणसांनी पिकवलेली भाजी घ्यायलाही लोक तयार नव्हते.

आता तुम्ही काय कराल? आज अंघोळीच्या वेळी हात, पाठ, मांड्या नीट बघा. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर रील्स बघत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, रोग पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते.

एनएसएसचं शिबिर असेल तर ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाला नुसती रॅली काढू नका. गावात हिमोग्लोबिन तपासणी ठेवा. नाचणी, डाळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणे-गूळ, सोबत आवळा किंवा पेरू, असं परवडणारं ताट लोकांना दाखवा. आणि उपचार घेणारं कुणी भेटलं, तर शिबिराच्या पंगतीत त्यांना आपल्या शेजारी बसवा.