वॉल्व्ह सील: आधी मोजा, मग मागवा

इंजिन मॉडिफाय करायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला टर्बो, कॅम, पिस्टन यांची नावं तोंडपाठ असतात. वॉल्व्ह सीलचा विषय निघाला की म्हणतो, "ते टाका तुम्हीच कुठलेतरी." इथंच मी त्याला थांबवतो.

वॉल्व्हची दांडी गाइडमध्ये वरखाली होते. गाइडच्या टोकावर बसलेला हा छोटा सील हेडमधलं ऑइल खाली उतरू देत नाही. पण पार कोरडंही ठेवून चालत नाही, नाहीतर गाइड झिजेल. दांडीवर ऑइलचा पुसट थर राहू देणारा सील तो खरा.

सील गेल्याची खूण सोपी आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो. किंवा अंबा घाट पाय सोडून गिअरवर उतरावा, खाली साखरप्याकडे ॲक्सिलरेटर दाबावा आणि मागं निळा लोट दिसावा. उतारावर थ्रॉटल बंद असल्यामुळं इनटेकमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल ओढलं जातं. चढाला जोर देताना सतत धूर येत असेल, तर आधी रिंगा तपासा.

आता निवड. साधं नायट्राइल रबर 120 अंशांच्या पुढं कडक होऊन तडकतं. व्हायटॉन 200 अंशांपर्यंत टिकतं, म्हणून टर्बोच्या गाडीला मी तेच घालतो. टर्बोमुळं एक्झॉस्टच्या बाजूला दाबही चढतो. तो गाइडमधून वर येऊन सील उचलू पाहतो, त्यामुळं सीलची गाइडवरची पकड घट्ट हवी.

जादा उचलीचा कॅम असेल तर वर्नियर काढावाच लागतो. सील बसवून, स्प्रिंग न लावता रिटेनर लॉक करायचा आणि वॉल्व्ह बंद ठेवून सीलच्या माथ्यापासून रिटेनरच्या बुडापर्यंतचं अंतर मोजायचं. समजा ते 11 मि.मी. भरलं आणि वॉल्व्हची उचल 10.5 आहे. उरला अर्धा मिलिमीटर! मी निदान दीड ठेवतो, नाहीतर रिटेनर सीलला ठोकून फोडतो. डबल स्प्रिंग असेल तर आतली स्प्रिंग सीलला घासत नाही ना, तेही बघायचं.

रंगावर जाऊ नका. होंडाच्या बऱ्याच इंजिनांत इनटेकच्या सीलची स्प्रिंग पांढरी आणि एक्झॉस्टची काळी असते, पण दुसऱ्या कंपनीत तोच हिशेब लागेल असं नाही. दांडीची जाडी आणि गाइडचा बाहेरचा व्यास, ही दोन मापं घेऊनच दुकानात जा.

आणि वॉल्व्ह गाइडमध्ये हलत असेल, तर सीलचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. आधी लेथवाल्याकडून गाइड बदलून घ्या. ढिल्या गाइडमध्ये महागातला सीलही थोड्याच दिवसांत पुन्हा ऑइल पाजायला लागतो, आणि हेड परत उतरवायची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट पडते.