मुंबई ते न्यूअर्क : अंतर तेच, मग तास वेगळे का?

आजचा भाग आमच्या शेजारच्या काकूंमुळे. मुलगा न्यू जर्सीला, आणि काकू बोईसरहून पहिल्यांदाच एकट्या निघाल्यात. तिकीट दाखवून म्हणाल्या, "अरे, रात्री एकला सुटून सकाळी सातला पोचतंय. सहाच तास?"

तर आधी तेच. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची आणि पोचायची वेळ तिथली असते. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे थंडीतला हा प्रवास सहा अधिक साडेदहा, साडेसोळा तासांचा.

आता अंतर. मुंबई ते न्यूअर्क विमानतळ साधारण १२,५०० किलोमीटर. हा गोल पृथ्वीवरचा सगळ्यात जवळचा रस्ता. फोनच्या सपाट नकाशावर तो उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. वेबसाइटवाले दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश फॉर्म्युल्यात टाकतात आणि उत्तराला ताशी ९०० ने भागतात. आले चौदा तास! दहा-बारा ओळींचा कोड आहे, पण त्यात वाराच नसतो.

आणि खरा खेळ वाऱ्याचाच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. वैतरणेच्या खाडीत ओढीविरुद्ध होडी वल्हवून बघा, तसंच. म्हणून अमेरिकेला जाताना जास्त तास लागतात, येताना कमी.

भारी उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झाला, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर! वारा पाठीशी होता ना.

दुसरी गोष्ट, हवाई हद्द. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं. झळ दिल्लीला जास्त, पण पश्चिमेकडचे रस्ते बदलतात ते असे.

म्हणून मध्ये विमान बदलायचं असेल तर "गुगलवर तर एवढेच तास होते" या भरवशावर दोन वेगवेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बहुतेक बुडतात. एकाच बुकिंगमध्ये असेल तर पुढचं विमान देणं कंपनीकडे येतं. आईबाबा एकटे जात असतील तर मी थोडे जास्त पैसे देईन, पण बुकिंग एकच घेईन.

आणि आपला पहिला टप्पा विसरू नका. बोईसर ते अंधेरी रेल्वेने साधारण ऐंशी किलोमीटर. डहाणू लोकल मोजक्याच, आणि मोठ्या बॅगा घेऊन विरारला गाडी बदलणं म्हणजे शिक्षा. चिल्हार फाट्यावरून हायवेने गेलात तर वर्सोवा पुलाचं ट्रॅफिक. काकूंना मी सांगितलंय, विमान रात्री एकचं असलं तरी संध्याकाळी सहाला घर सोडायचं.