पंधरा वर्षांच्या मोटारीची परीक्षा

मुलांनो, परीक्षा फक्त तुम्हालाच असते, असं वाटतं ना? मग ऐका तर. मोटारीलासुद्धा परीक्षा द्यावी लागते! आणि निकाल लागेपर्यंत घरातली मोठी माणसं अगदी तुमच्यासारखीच काळजीत असतात, बरं का.

आपल्या देशात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. मुदत संपत आली की गाडी आरटीओकडे, म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, किंवा ते सांगतील त्या चाचणी केंद्रात न्यायची. तिथे तिची तपासणी होते. गाडी धडधाकट असली तर नोंदणी आणखी पाच वर्षं वाढते. पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा! इंग्लंडमध्ये अशी तपासणी १९६० साली सुरू झाली. सुरुवातीला ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी होती. जुन्या गाड्यांत इतके दोष सापडले, की १९६७ पर्यंत ती तीन वर्षांच्या गाड्यांनाही लागू झाली. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली परीक्षा तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी असते.

आता आपली ओळखीची गाडी घेऊ या, मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीतल्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं आणि मागे वर उघडणारं दार. अशा मागच्या दाराच्या गाडीलाच हॅचबॅक म्हणतात. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. पण आजही कितीतरी घरांच्या अंगणात ती उभी दिसते.

समजा, रत्नागिरीत राहणाऱ्या काकांची मारुती आहे. नोंदणी ऑगस्ट २०११ ची. म्हणजे पंधरा वर्षं भरणार ऑगस्ट २०२६ मध्ये. अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांत करता येतो. पण गाडीची तयारी त्याच्याही आधीपासून हवी. आदल्या रात्री अभ्यास करून काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच!

आधी गुप्तहेर व्हा

पान्याला हात लावण्याआधी वही-पेन घ्या. संध्याकाळी गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर डाग पडलेत का पाहा. काळपट तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल गळतंय. हिरवट किंवा लालसर पातळ पाणी असेल तर बहुधा रेडिएटरमधलं कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, तेलकट ओल दिसली तर मात्र गाडी हलवायचीच नाही, कारण ते ब्रेक ऑइल असू शकतं. डागाचा रंग, जागा आणि आकार वहीत लिहून ठेवा. मेकॅनिककाकांना ती वही दाखवलीत तर त्यांचं निम्मं काम सोपं होईल.

गंज : लपलेला चोर

लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं, त्यामुळे तिथे तो आणखी वेगाने चढतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि पायाखालचं मॅटिंग या त्याच्या आवडत्या जागा. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायला छोटी भोकं असतात. पाचोळा, माती अडकून ती बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून कुजू लागतो. झाडूच्या काडीने ती भोकं मोकळी करणं हे तुमच्यासाठी अगदी छान काम आहे.

वरवरचा गंज घरी काढता येतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने तो चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा, पुसून कोरडा करायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि वाळला की वरून रंग. घासताना डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर रुमाल हवाच. गाडीचा रंगच बदलायचा ठरला, तर मात्र त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

पण पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर? इथे खरी कसोटी आहे. काही जण भोकावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापतात आणि वरून रंग मारतात. गाडी दिसते नवी कोरी! पण लांबीला ताकद नसते. आसनाचा पट्टा जिथे बांधलेला असतो तिथला पत्रा असा पोकळ असला, तर अपघाताच्या वेळी पट्टा पत्र्यासकट उपटून येईल. अशा जागी सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगनेच जोडायला हवा.

लांबी ओळखायची कशी? एक लोहचुंबक घ्या. रंगावर ओरखडा पडू नये म्हणून तो पातळ कापडात गुंडाळा आणि गाडीवरून हळूहळू फिरवा. चांगल्या पत्र्याला तो घट्ट चिकटतो. लांबीचा जाड थर असेल तिथे तो सुटून पडतो. (प्लॅस्टिकच्या बंपरला तो चिकटणारच नाही, तेव्हा घाबरू नका!)

ब्रेक : इथे हयगय नाही

तुमचा पाय पेडलवर जेमतेम थोडासा दाब देतो आणि सातशे किलोच्या आसपासची गाडी थांबते. कशी? ब्रेकच्या नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. विज्ञानाच्या पुस्तकातला हाच तो पास्कलचा नियम.

पण या द्रवाला एक खोड आहे. तो हवेतली ओल शोषून घेतो. डबीवर ‘डॉट ३’ लिहिलेलं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. ओल शिरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. आता विचार करा. काका आंबा घाट उतरताहेत, सारखे ब्रेक लावून चाकं तापली आहेत. जुनं ऑइल उकळलं तर नळीत बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, पण वाफ दबते. मग पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही! म्हणूनच ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं.

घरची तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून मोठ्यांनी इंजिन चालू ठेवून ब्रेक मिनिटभर दाबून धरायचा. पेडल हळूहळू खाली जाऊ लागलं तर कुठेतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर नळीत हवा आहे. दोष सापडला की दुरुस्ती जाणत्या मेकॅनिकनेच करायची. हे ‘जमतंय का बघू’ म्हणण्याचं काम नव्हे.

टायर : आकड्यांची गंमत

टायरवर ‘१४५/७० आर १२’ असं काही लिहिलेलं असतं. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के. १२ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एका गोलाकृतीत चार आकडे असतात, तो टायरचा जन्मदाखला! ३२१९ असेल तर टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. खाचा चांगल्या असल्या तरी रबर जुनं होऊन बाजूला भेगा पडल्या असतील तर टायर बदलावा.

नियमाने मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याची रजा झाली, असं समजा. खाचा पावसाचं पाणी बाजूला फेकतात. त्या नसल्या तर टायर पाण्यावर तरंगतो आणि गाडी घसरते.

दिवे मोजा, धूर ओळखा

इंडिकेटर लावा आणि घड्याळ घेऊन लुकलुक मोजा. मिनिटाला ६० पेक्षा कमी नको, १२० पेक्षा जास्त नको. एका बाजूला लुकलुक फारच भरभर होत असेल तर बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे. नंतर एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे, जरा बाजूला उभं राहून दिवे पाहायचे. हे काम जोडीनेच होतं.

पीयूसी चाचणीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. काकांच्या गाडीसारख्या भारत स्टेज-३ च्या पेट्रोल गाडीत तो ०.५ टक्क्याच्या आत हवा. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला किंवा स्पार्क प्लग काजळला की पेट्रोल नीट जळत नाही आणि हे प्रमाण वाढतं. प्लग काढल्यावर त्याचं टोक फिकट तपकिरी दिसलं तर इंजिन खूश आहे! कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवायचं नाही.

कागदपत्रं आणि खर्च

आरसी, विमा, पीयूसी आणि फॉर्म २५ मधला अर्ज एका फाइलमध्ये लावा. चासी नंबरची छापही बऱ्याचदा लागते. तुम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासता ना, अगदी तशीच ही छाप घेतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. त्याशिवाय पर्यावरण कर असतो. वीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला फी आणखी जास्त पडते.

तेव्हा पालकांनो, आधी गणित मांडा. दिवे, टायर, ब्रेक, वरवरचा गंज एवढंच काम असेल तर गाडी जरूर वाचवा. पण खालचा सांगाडाच सडला असेल, तर मन घट्ट करून ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. तिच्यातलं लोखंड पुन्हा वितळून कामाला येतं.

लक्षात ठेवा

१. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. मजबूत स्टँड लावायचे आणि जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे अडकवायचे. विटांवर गाडी ठेवू नये, वीट अचानक फुटते.
२. बॅटरी काढताना आधी उणे टोकाची वायर सोडवायची. हे मोठ्यांचं काम.
३. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, आणि हातही.
४. सापडलेला दोष लपवायचा नाही. तपासणारे साहेब एकदाच गाडी पाहतात, तुम्ही रोज तिच्यात बसता.

डोकं चालवा

(अ) वर दिलेल्या मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे किती वेळा फिरेल?
(आ) चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी कामाची असते. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर मिनिटाला अशा किती ठिणग्या?

उत्तरं : (अ) व्यास ५०७.८ मिमी, परीघ सुमारे १.६ मीटर, म्हणून जवळजवळ ६२७ वेळा. (आ) ४५० × ३ = १,३५०.