टँकरच्या पाठीवरचे चार अंक

रबाळ्याच्या एमआयडीसीत गेटवर रसायनांचे टँकर तपासणं हे माझं काम. टँकर उभा राहिला की चाकांखाली ठोकळे लावायचे, सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर आहे का पाहायचं, मग व्हॉल्व्हचं सील, अपघातात काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड, ड्रायव्हरच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा दाखला. सगळ्यात जास्त वेळ मात्र मी फलकापाशी थांबतो. मोटार वाहन नियम 134 प्रमाणे तो दोन्ही बाजूंना आणि मागे हवा: रसायनाचं नाव, धोक्याची खूण, आणीबाणीचे फोन आणि चार अंकी यूएन क्रमांक.

एका संध्याकाळी जेएनपीटी बंदराकडून मेथॅनॉलचा टँकर आला. फलकावर 1294, म्हणजे टोल्युइन. मागच्या खेपेचा फलक तसाच होता.

"साहेब, दोन्ही पेटणारंच की," ड्रायव्हर म्हणाला.

पेटतात दोन्ही, विझतात वेगवेगळी. टोल्युइन पाण्यात मिसळत नाही, त्यावर साध्या फोमचा थर टिकतो. मेथॅनॉल फोममधलं पाणी ओढून घेतं आणि थर विरून जातो. त्याला अल्कोहोलला टिकणारा फोमच लागतो. शिवाय त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. अग्निशमन जवानाने 1294 वाचून साधा फोम मारला असता, तर?

हा टँकर उरण फाटा, तुर्भे, घणसोली ओलांडून आला होता. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला लोकल आणि माणसांची घरं. 13 जून 2023 ला खंडाळ्याजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पुलावर टँकर उलटून पेटला, जळतं रसायन खालच्या रस्त्यावर पडलं. चौघं गेले. तेव्हापासून मला फलकातली चूक किरकोळ वाटत नाही.

ड्रायव्हरने 1230 चे फलक लावले, मग मी टँकर आत घेतला.

समोर चहाची टपरी आहे. तिथल्या मावशींना मी सांगून ठेवलंय: गळती दिसली तर जवळ जायचं नाही, वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. अंक लांबून दिसले तर 101 ला कळवायचे.

परवा त्यांनी विचारलं, "साहेब, 1830 कसला ओ?"

"सल्फ्युरिक ॲसिड."

उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ते लिहून घेतलं. त्याच्या वर आधीचे सहा क्रमांक होते.