काच धुण्याच्या धंद्यासाठी बूस्टर पंप घेताय? आधी हे चार आकडे काढा



शुद्ध पाण्याने काचा आणि सोलर पॅनल धुण्याचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून रोज एकच प्रश्न येतोय: "सर, पंप कोणता घेऊ?" कंपनीचं नाव सांगा, लिंक द्या, आम्ही ऑर्डर करतो. मी नाव सांगत नाही, कारण तिरोड्यातल्या बोअरवर जो पंप बरोबर चालेल तो गोंदिया शहरातल्या नळाच्या पाण्यावर बरोबर ठरेलच असं नाही. आणि तुमच्यापैकी बरेच जण मुद्रा योजनेच्या शिशु गटातून, म्हणजे ५०,००० रुपयांच्या आत, सुरुवात करणार आहेत. त्यात चुकीच्या मशीनला जागाच नाही. म्हणून आज शांतपणे बसून हिशोब करू.

ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या पाण्याने काच धुतली की पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार पांढरे डाग बनून राहतात. पाण्यात क्षारच नसले तर पुसायची गरज पडत नाही, काच आपोआप वाळते आणि चमकते. लांब काठीला ब्रश, ब्रशमध्ये शुद्ध पाणी आणि माणूस जमिनीवर उभा. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचीवर काम करण्याचे नियम आले आणि शिडी सोडून या पद्धतीकडे जायला तिथल्या काचवाल्यांना आणखी एक कारण मिळालं. आपल्याकडे गोरेलाल चौकातले शोरूम, दवाखान्यांच्या काचा, गाड्यांच्या एजन्सी हे ग्राहक आहेतच. पण खरा वाढणारा ग्राहक छतावर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, त्यामुळे गावागावात पॅनल बसतायत. आणि आपला जिल्हा राइस मिलचा. मिलची राख आणि भुशाची धूळ पॅनलवर बसली की ग्राहकाला वीजबिलात दिसते.

आता पंपाकडे येऊ. सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवा. या धंद्यात दोन पंप लागतात. एक पाणी बनवायला, दुसरा पाणी ब्रशपर्यंत पोचवायला. पोचवायचा पंप म्हणजे धानावर फवारणी करायच्या बॅटरी पंपाचा भाऊच: १२ व्होल्टचा, छोटा, डायफ्रामवाला. दहा मीटर उंची चढायला साधारण १ बार दाब खर्च होतो, तेवढं तो आरामात करतो. त्याच्यावर डोकं खर्च करू नका. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर तर पॅनलवर अजिबात नको. बूस्टर पंप म्हणजे पहिला, आरओच्या मेम्ब्रेनमधून पाणी ढकलणारा. लेख त्याच्याबद्दल आहे.

परदेशी व्हिडिओ पाहून पंप का घेऊ नये

यूट्यूबवर इंग्रजी व्हिडिओत गोरा माणूस सांगतो, नळाला आरओ जोडा, दाब थोडा कमी वाटला तर बूस्टर लावा. त्याच्या नळालाच आधी चांगला दाब असतो. आपल्याकडे पाणी छतावरच्या टाकीतून येतं. टाकी ७ मीटर वर असेल तर खाली दाब मिळतो ०.७ बार, म्हणजे जेमतेम १० पीएसआय. घरगुती मेम्ब्रेनवर जी क्षमता छापलेली असते ती साधारण ५० ते ६५ पीएसआय दाबावर आणि २५ अंश तापमानाच्या पाण्यावर मोजलेली असते. म्हणजे आपल्याकडे बूस्टरला नुसता हातभार लावायचा नसतो, जवळजवळ सगळा दाब त्यालाच तयार करायचा असतो. तेव्हा पहिला आकडा हा: तुमच्या टाकीची उंची मीटरमध्ये. तिला १० ने भागा, बार मिळेल. एका बारचे १४.५ पीएसआय.

काही जण म्हणतात, घरी अर्ध्या एचपीची मोटर पडली आहे, तीच लावतो. तिच्या पाटीवर हेड वाचा. २० ते ३० मीटर लिहिलं असेल, म्हणजे फार तर ३० ते ४३ पीएसआय. शिवाय बॉडी बिडाची, आतून गंज सुटणार आणि तो गंज थेट मेम्ब्रेनवर बसणार. ती विहिरीवरच राहू द्या.

दुकानदार "७० मीटर हेड आहे भाऊ" म्हणून मोठा पंप दाखवेल. त्याला विचारा, ७० मीटरला पाणी किती देतो? बहुतेक वेळा ते कमाल हेड असतं, म्हणजे त्या उंचीला पाणी शून्य. आपल्याला पाहिजे तो आकडा म्हणजे आपल्या प्रवाहाला मिळणारा दाब. कंपनीच्या कागदावर तक्ता असतो, तो मागा. तक्ता देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. नागपूरच्या बाजारात दुकानं कमी नाहीत.

रोजचं पाणी किती लागतं?

हा दुसरा आकडा. ३ किलोवॅटच्या छताला साधारण सहा पॅनल. धूळ किती आहे त्यावर २५ ते ४० लीटर धरा. मध्यम शोरूमची दर्शनी काच त्याच्या आसपासच. दोन माणसं दिवसाला सहा-सात कामं करतील, उन्हाळ्यात पॅनल तापायच्या आत सकाळीच उरकावी लागतात म्हणून त्याहून कमी. तेव्हा सुरुवातीला दिवसाला ३०० लीटर भरपूर झालं.

हे ३०० लीटर रात्री १० तासात बनवायचं. म्हणजे तासाला ३० लीटर. बाजारात मात्र सगळं जीपीडीमध्ये बोलतात, गॅलन प्रति दिवस. एक गॅलन ३.७८५ लीटर. तासाला ३० म्हणजे २४ तासाला ७२० लीटर, म्हणजे १९० जीपीडी.

इथेच थांबू नका. पाणी थंड झालं की मेम्ब्रेनमधून कमी निघतं, एका अंशाला साधारण ३ टक्के. डिसेंबरात आपल्याकडे टाकीचं पाणी पहाटे १५ अंशावर आलं तर उत्पादन पाव हिश्शाहून जास्त पडतं. म्हणून १९० ची गरज असेल तर २६० च्या वर जा. ३०० जीपीडीचा २४ व्होल्टवाला पंप आणि त्याला जुळणारी मेम्ब्रेन, हा माझ्या मते नव्या माणसाचा सेट आहे. उन्हाळ्यात उलटा प्रश्न. बहुतेक मेम्ब्रेनची कमाल मर्यादा ४५ अंश असते, आणि मे महिन्यात आपल्या छतावरच्या काळ्या टाकीत भर दुपारी पाणी त्याच्या जवळ जातं. रात्रीच चालवा, हा साधा उपाय.

एक बारीक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. छोट्या पंपावर "१०० जीपीडी" लिहिलेलं असतं ते पंपाचं पाणी नसतं. एवढ्या क्षमतेच्या मेम्ब्रेनला हा पंप चालेल असा त्याचा अर्थ. पंप त्याच्या कितीतरी पट पाणी ओढतो, कारण रिजेक्टही त्यातूनच जातं. पण मोठ्या पंपावर लीटर प्रति तास लिहिलेलं असतं, ते मात्र पंपाचं स्वतःचं पाणी. दोन्ही पाट्या शेजारी ठेवून तुलना केली की गडबड होणारच.

आणि रिजेक्टवरून आठवलं. एकास दोन धरलं तरी ३०० लीटर शुद्ध पाण्यासाठी ९०० लीटर कच्चं पाणी लागतं. हजार लीटरची टाकी एका रात्रीत रिकामी. घरचे सकाळी काय वापरणार, हे आधी आईला किंवा घरमालकाला विचारून घ्या, मग पंप घ्या. रिजेक्टचं पाणी फरशीला, गाडीला, अंगणाला चालतं. काचेच्या शेवटच्या पाण्याला चालत नाही.

कमी दाबाचा पैसा कुठे जातो

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. तिरोडा तालुक्यातल्या एका प्रशिक्षणार्थीने विचारलं, "सर, दाब कमी असला तर पाणी उशिरा बनेल, एवढंच ना? मला घाई नाही." घाई नसली तरी खर्च आहे.

मेम्ब्रेनमधून क्षार जे थोडे निसटतात ते दाबाप्रमाणे फारसे बदलत नाहीत. पाणी मात्र दाबाप्रमाणे बदलतं. दाब अर्धा केला की पाणी जवळपास अर्धं येतं आणि क्षार तेवढेच येतात. म्हणजे त्या पाण्याचा टीडीएस जवळजवळ दुप्पट. आरओनंतर आपण डीआय रेझिनचा सिलिंडर लावतो, तो उरलेले क्षार शोषून पाणी शून्यावर आणतो. आरओ जेवढे क्षार सोडेल तेवढं रेझिन लवकर संपेल. आणि रेझिन स्वस्त नाही.

हिशोब मांडू. मिश्र रेझिन एका लीटरमागे ढोबळ २५ ग्रॅम क्षार धरतं. १० लीटरच्या सिलिंडरमध्ये २५० ग्रॅम. बोअरचं पाणी ५०० टीडीएसचं आहे असं धरा.

दाब नीट असेल आणि ९५ टक्के क्षार अडले, तर आरओनंतर २५ टीडीएस. सिलिंडर १०,००० लीटर चालेल. रोज ३०० लीटरने महिनाभर.

दाब अर्ध्यावर असेल आणि आरओनंतर ६० टीडीएस येत असेल, तर साधारण ४,१५० लीटर. म्हणजे दोन आठवडे.

आरओच नसेल, थेट रेझिन, तर ५०० लीटर. दुसऱ्या दिवशीच सिलिंडर खलास.

हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात सगळेच आकडे थोडे कमी येतात. पण प्रमाण तेच राहतं. पंपात हजार-दोन हजार वाचवले आणि दर महिन्याला एक जास्तीचं रेझिन भरलं, तर हप्ता भरायच्या दिवशी खिशात काय राहील ते तुम्हीच बघा.

म्हणून तिसरा आकडा, कच्च्या पाण्याचा टीडीएस. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गोंदिया शहराचं नळाचं पाणी वैनगंगेवरच्या डांगोर्लीहून येतं. ते आणि तुमच्या घरचं बोअर, दोन्ही मोजा. उन्हाळ्यात परत मोजा. बोअरच्या पाण्याने बादलीला तांबूस थर येत असेल तर आधी लोहाचा बंदोबस्त लागेल, नाहीतर कितीही चांगला पंप असो, मेम्ब्रेन जाम होईल.

मोठा प्लांट घ्यावा का?

दुकानदार २५० लीटर प्रति तासाचा प्लांट दाखवतात, उभा स्टीलचा हाय प्रेशर पंप, ४०४० मेम्ब्रेन, दिसायला रुबाबदार. विजेचं म्हणाल तर फार फरक नाही. छोटा पंप शंभरेक वॅटवर दहा तास चालतो, १ एचपीचा पंप सव्वा तासात तेवढंच पाणी देतो, दोन्हीकडे युनिट एक-सव्वा. फरक भांडवलाचा, जागेचा आणि व्होल्टेजचा. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० वर येतो, तेव्हा एक फेजची मोटर तापते. २४ व्होल्टच्या पंपाचा चांगला अडॅप्टर तेवढ्यावरही चालतो. किती ते किती व्होल्ट चालेल हे त्याच्यावर छापलेलं असतं, घेण्याआधी वाचा. रोजची कामं पंधराच्या वर गेली की मोठ्याचा विचार करा. आधी वही भरू द्या.

"उरलेलं पाणी कॅनमध्ये विकतो" असंही एकाने विचारलं. नको. तो वेगळा धंदा आहे, त्याला अन्नसुरक्षेचा परवाना लागतो, आणि शून्य टीडीएसचं पाणी पिण्यासाठी नसतंच.

बसवताना

सेडिमेंट आणि कार्बन आधी, मग पंप, मग मेम्ब्रेन, शेवटी रेझिन. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतं, म्हणून कार्बन गाळू नका. पंपाच्या आधी लो प्रेशर स्विच लावा. टाकी संपली की पंप बंद झाला पाहिजे, तुम्ही झोपलेले असाल. शुद्ध पाण्याच्या टाकीला फ्लोट लावा. आणि मेम्ब्रेनच्या तोंडाशी प्रेशर गेज. पंपाने किती दाब बनवला यापेक्षा मेम्ब्रेनला किती पोचला हे कामाचं.

हाच चौथा आकडा, आणि तो पैसे देण्याआधी घ्यायचा. दुकानात पंप जोडून घ्या, खाली ठेवलेल्या टाकीतून पाणी ओढू द्या, मेम्ब्रेन लावून पाणी चालू असताना गेज वाचा. ६० च्या वर स्थिर राहिला तर चालेल, ७०-८० असेल तर उत्तम. नुसता पंप फिरवून "बघा, चालू आहे" म्हणत असतील तर ती चाचणी नव्हे. पंप घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात रोज रात्री गेज, आरओनंतरचा टीडीएस आणि रेझिननंतरचा टीडीएस वहीत लिहा. रेझिननंतर १० च्या वर गेला की काचेवर डाग दिसायला लागतील. मीटरवर विश्वास नसेल तर काळ्या काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून उन्हात वाळवा, काय ते समजेल.

पुढच्या व्हिडिओत काठी आणि ब्रश बघू. तोवर टाकीची उंची, कच्चा टीडीएस आणि रोजचे लीटर, हे तीन आकडे काढून ठेवा. चौथा दुकानात घ्या.