तळ्यातला जुना रहिवासी

मेहरूणचे नाव खानदेशाबाहेर गेले ते तेथील गोड बोरांमुळे. पण जळगावकरांच्या लेखी मेहरूण म्हणजे प्रथम तलाव, ज्याचे पाणी इंग्रजी अमदानीत नळावाटे शहरास पुरवण्याची तजवीज झाली होती. अशा तलावांत काय, तापी-गिरणेच्या डोहांत काय, किंबहुना जगातील बहुतेक गोड्या पाण्यात ‘एरोमोनास हायड्रोफिला’ नामक जिवाणूचे वास्तव्य असते. सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १८९१ साली बेडकांच्या रोगाचा छडा लावताना त्याचे वर्णन केले. त्याची लांबी मिलिमीटरचे एक ते साडेतीन सहस्रांश; एका टोकास असलेल्या तंतूच्या बळावर तो पोहतो.

धडधाकट रोहूच्या आतड्यातही हा जिवाणू सापडतो आणि रोहूचे काही बिघडत नाही. मात्र वैशाखात पाणी आटून तापते, सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ माजते, पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू इतका घटतो की मासे वर येऊन तोंडे वासू लागतात. आणि अशा वेळी त्यांची प्रतिकारशक्ती खचली, की हा निरुपद्रवी शेजारी उलटतो. परांच्या मुळाशी रक्ताळलेले चट्टे उठतात, पोटात पाणी भरून खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात, कुशीवर आतले मांस दिसेल असा व्रण पडतो. ‘एरोलायसिन’ हे त्याचे विष पेशींच्या आवरणास अक्षरशः भोके पाडते. या मामल्यात सगळा दोष जिवाणूच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही; सांडपाण्याचा बंदोबस्त हे काही त्याचे खाते नव्हे.

माणसाच्या पोटात तो गेला तर जुलाब होतात व बहुधा आपोआप थांबतात. यकृताचा जुनाट विकार असणाऱ्यास मात्र तो रक्तात शिरून प्राणावर बेतू शकतो. चिखलात काच लागली, मासा साफ करताना काटा रुतला, तरी त्यास वाट मिळते, आणि एकदोन दिवसांत जागा लाल होऊन सुजते. जखम तत्काळ स्वच्छ धुवावी, आणि ती तळ्याच्या पाण्यात झाली हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे, कारण पेनिसिलीन, अँपिसिलीन ही नेहमीची औषधे याच्यापुढे सहसा निष्प्रभ ठरतात.

जाता जाता एक गंमत. आयुर्वेदातील रक्तमोक्षणास लागणाऱ्या जळवांच्या आतड्यातही याच कुळातील जिवाणूंची वस्ती असते; म्हणून तुटलेले बोट जोडल्यावर साचलेले रक्त शोषून घेण्यास जळू लावणारे आजचे शल्यविशारद रोग्यास प्रतिजैविकही देऊन ठेवतात.